जावईबापूंची वही आणि मोठ्या बाईंची झोप

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनाने. गेल्या महिन्यापासून माझी कंबर धरली आहे आणि एकदा वाकलो की मला कोणीतरी सरळ करावं लागतं. तेव्हा नमस्कार पोचला असं समजावं आणि आशीर्वाद उलट टपाली पाठवावा.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तू जिने सोडायच्या ऐवजी डॉक्टर सोडलास, हे भाच्याकडून कळलं. डोळ्यांत थेंब घालतेस ना वेळच्या वेळी? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द या वेळी खरा आहे. मागच्या तीन पत्रांत लिहिला होता तो तू काळजी करू नयेस म्हणून.

तुझीही तिन्ही पत्रं पोचली. बाळ झोपत नसेल तर तळपाय चोळा, कुशीत घ्या, खांद्यावर टाकून फिरवा आणि एवढं करूनही निजलं नाही तर त्याच्या आईने दिवसभरात काय काय खाल्लं ते विचारा, हे सगळं तू सविस्तर लिहिलंस आणि आम्ही ते क्रमाने केलं. शेवटचा प्रश्न मी लेकीला विचारला, त्यानंतर ती माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. तुझी पाचही मुलं दिवे लागले की आपोआप निजत, हेही वाचलं. (अक्का, त्यांतल्या दोघांच्या वेळी मी तुझ्याच घरी राहून छापखान्यात उमेदवारी करत होतो. पण मोठ्यांच्या आठवणींशी धाकट्यांनी वाद घालू नये.) आता या तीन महिन्यांत प्रत्यक्षात काय काय झालं ते एकदा नीट सांगतो. चहा घेऊन बस, कारण हे लांबणार आहे.

मोठ्या बाई म्हणजे माझी नात. वय सात महिने, दात दीड. घरात सगळ्यांत लहान, पण हुकूम सगळ्यांवर चालतो म्हणून मीच हे नाव ठेवलं. लेक आणि जावईबापू तिला घेऊन माझ्याकडे राहायला आले तेव्हा ती चार महिन्यांची होती आणि ते दोघं चारशे वर्षांचे दिसत होते. त्यांची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला, एक खोली आणि तिच्यात हे तिघं. म्हटलं, तुझी आई जाऊन सहा वर्षं झाली, तीन खोल्यांत मी एकटा भुतासारखा फिरतो, या इकडे. आले. पहिल्या रात्रीच मला कळलं की माझ्याकडे पाहुणे आलेले नाहीत, रात्रपाळी आली आहे. मोठ्या बाई फक्त खांद्यावर झोपत, तेही खांदा चालता असेल तर. माणूस थांबला की एक डोळा उघडायचा. आणि पाठ अंथरुणाला टेकली रे टेकली की दोन्ही. मग जो सूर लागायचा त्याने वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या खोलीत दिवा लागायचा. पाऊण पाऊण तासाने हाच खेळ. जावईबापू, लेक आणि मी असे तिघं वाटून फिरत होतो. बत्तीस वर्षं मी वर्तमानपत्राच्या रोटरी मशीनवर रात्रपाळी केली, त्यामुळे मधली पाळी मीच मागून घेतली. मशीन परवडलं. निदान कागद संपला की ते थांबत असे.

आता माझ्या लेकीबद्दल. ती बस चालवते हे तुला ठाऊकच आहे, पण कशी चालवते ते तू पाहिलेलं नाहीस. अकरा वर्षं झाली, एक ओरखडा नाही. म्हातारी माणसं तिची बस यावी म्हणून आधीच्या दोन बस सोडून थांब्यावर उभी राहतात. तर अशी ही बाई तीन-चार महिने सलग झोप न मिळाल्याने काय झाली सांगू. एके सकाळी बाळाची दुधाची बाटली बुटांच्या कपाटात सापडली आणि तिचा डावा बूट फ्रीजमध्ये, अगदी नीट, दह्याच्या भांड्याशेजारी. एकदा दाराची बेल वाजली, तिने दार उघडून समोरच्या पोस्टमनला सांगितलं, मागे सरका, मागे जागा आहे. तो बिचारा सरकलाही. हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसलोही, पण तिची रजा संपत आली होती आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

रजेनंतर कामावर घेण्याआधी डेपोत एक चाचणी असते. रिकामी बस, शेजारी निरीक्षक, आणि नेहमीच्या रस्त्याने एक फेरी. लेक सकाळी गणवेश घालून गेली आणि दोन तासांत परत आली. टेबलाशी बसली आणि बाळाला मांडीवर घेऊन आम्हाला सांगितलं की एका सिग्नलला, दिवा लाल असताना, तिची पापणी मिटली. दोन सेकंद असतील, फार तर तीन. गाडी उभीच होती. निरीक्षकांच्या लक्षातही आलं नव्हतं. पण तिने पुढच्या थांब्याला बस कडेला घेतली, ब्रेक लावला, किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली की मला आज गाडी चालवता येणार नाही. ते भले गृहस्थ. म्हणाले, अहो, गाडी रिकामी आहे, कोणी पाहिलेलं नाही, चला.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, मी पाहिलं ना."

अक्का, मनातल्या मनात मी उठून उभा राहिलो होतो. अकरा वर्षांची नोकरी पणाला लावून खरं बोलायला छाती लागते, आणि ती छाती तिने आपल्या घराण्यातून घेतली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ती तिच्या आईची आहे. निरीक्षकांनी तिला तीन आठवडे वाढवून दिले. त्यात जमलं तर ठीक, नाहीतर तिकीटखिडकीवर बसायचं. आणि ही खिडकीत बसली असती तर आयुष्यभर समोरून जाणाऱ्या बसकडे बघत राहिली असती.

इथे आता जावईबापूंचा प्रवेश. हा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यांतलं एक 'येतो' आणि एक 'आलो'. लग्न ठरलं तेव्हा मी तुला लिहिलं होतं की मुलगा चांगला आहे, पण घरात आहे की नाही ते कळत नाही. ते वाक्य मी आता मागे घेतो, जाहीरपणे, सही करून. त्या संध्याकाळी हा माणूस कामावरून येताना एक शंभर पानी वही घेऊन आला, पट्टीने रकाने आखले आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बाळाला घेऊन दवाखान्यात गेला. मीही गेलो, तिथे नुसतं बसायला. तिथल्या नर्सबाई जाड चष्म्याच्या आणि अनुभवी. जावईबापूंनी त्यांना अकरा प्रश्न विचारले. (मी मोजले. एवढं तो लग्नाच्या बोलणीतही बोलला नव्हता.) बाईंनी आधी बाळाला तपासलं, वजन केलं, सगळं उत्तम आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुमच्या मुलीला झोप येते, पण एकटीला झोपी जाता येत नाही. ती खांद्यावर डोळे मिटते आणि अंथरुणात उघडते. तुम्हाला झोपेत कोणी उचलून बागेत ठेवलं तर जागे झाल्यावर ओरडाल की नाही? मी म्हटलं, ओरडेन. म्हणाल्या, तेच ती करते.

मग त्यांनी सांगितलेलं जावईबापूंनी जसंच्या तसं लिहून घेतलं. रोज सकाळी एकाच वेळी उठवायचं आणि उजेडात न्यायचं. दिवसाची झोप लवकर आवरायची. संध्याकाळी रोज तेच, त्याच क्रमाने: कोमट पाण्याने आंघोळ, कपडे, दूध, मग पडदा, मंद दिवा, एक गाणं आणि अंथरूण. पाठीवर निजवायचं, गादी सपाट आणि घट्ट, तिच्यावर उशी नाही, दुलई नाही, खेळणी नाहीत. आणि मुख्य म्हणजे डोळे जड झाले असताना, पण जागी असतानाच खाली ठेवायचं. रात्रीत एकदा भूक लागली तर दूध द्यायचं, ते तिच्या हक्काचं आहे. बाकी वेळी कुरकुरली तर जरा थांबून ऐकायचं. रडू वाढलं तर जायचं, छातीवर हात ठेवायचा, बोलायचं, लगेच उचलायचं नाही. सोडून द्यायचं नाही आणि धावायचंही नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे पाहत होत्या.

घरी येताना मी हसलो. म्हटलं, झोप काय शिकवायची असते? पोहणं आहे का? त्यावर जावईबापू बसस्टॉपवर थांबले आणि त्यांनी आजवरचं सगळ्यांत लांब भाषण केलं. "बाबा, लिफ्ट मजल्यावर आल्यावर एकदम थांबत नाही. दोन मजले आधीपासून वेग कमी करत आणावी लागते. नाहीतर आतल्या माणसाच्या पोटात गोळा येतो." एवढं बोलून ते दमले आणि घर येईपर्यंत पुन्हा गप्प. पण मला पटलं. निदान मला पटलं आहे असं मला वाटलं.

कारण पुढचा आठवडा मी जे केलं त्याला पटणं म्हणत नाहीत. बाळाच्या पलंगातून मी आणलेला कापडी हत्ती निघाला, मी स्वतः शिवून घेतलेली उशी निघाली, आणि मी ती दोन्ही रोज दुपारी परत ठेवत होतो, चुकून राहिलीत अशा थाटात. माझा आवाज तर तुला ठाऊक आहे. मशीनवर कानाशी ओरडून बोलायची सवय, त्यामुळे मी कुजबुजलो तरी दंतवैद्य वरून उत्तर देतात. आणि रडणं ऐकायचं असतं हे मला जमेना. बाळाने नुसता 'अं' केला की मी हजर. कंबर धरलेला माणूस अंधारात, चपला न घालता, दोन खोल्या ओलांडून तिच्या आईबापांच्या आधी पलंगाशी पोचतो कसा, यावर खरं तर कोणीतरी अभ्यास करायला हवा. पोचायचो, उचलायचो, खांद्यावर घालायचो आणि फेऱ्या सुरू. मग ती झोपायची. मग खाली ठेवायचो. मग ती उठायची. मला वाटायचं, बघा, माझ्याशिवाय हिचं पान हलत नाही.

वही जेवणाच्या टेबलावरच असायची. एके दिवशी मी चष्मा लावून ती उघडली. अक्षर मोत्यासारखं. कधी जाग आली, किती मिनिटं जागी राहिली, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. काही ठिकाणी शेऱ्यात 'भूक', काही ठिकाणी 'ओलं'. आणि जिथे तीस-चाळीस मिनिटं जागरण, तिथे प्रत्येक ठिकाणी नुसतं 'आ'. मी विचारलं, हे 'आ' काय आहे? जावईबापू पलंगाचा एक सैल स्क्रू आवळत होते. त्यांचा हात क्षणभर थांबला. म्हणाले, "आवाज."

आवाज. मग काय, मी कंबर कसली. (दुखरी होती तरी.) त्याच दिवशी घरातल्या सातही दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. इतकं घातलं की पुढे दोन दिवस प्रत्येक जण दारात घसरत होता. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, त्यामुळे लेकीची डॉक्टरांची वेळ चुकली. वर जाऊन दंतवैद्यांना खोलीत मोजे घालून चालायची विनंती केली. त्यांनी विचारलं की दात ओढताना रोगी ओरडला तर काय करू. शेजारी गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात, त्यांना म्हटलं, तुमच्या शिष्या वरच्या पट्टीत जातात त्या संध्याकाळऐवजी सकाळी जातील का? त्या म्हणाल्या, माझ्या शिष्या वरच्या पट्टीत सकाळी पोचत नाहीत. तीन दिवसांत आमची इमारत इतकी शांत झाली की पेपरवाला खालूनच विचारून गेला, कोणी गेलं का म्हणून. आणि चौथ्या दिवशी वहीत बघतो तर पुन्हा 'आ'. पस्तीस मिनिटं.

त्या रात्री आवाज नव्हता, अक्का. मी शपथेवर सांगू शकत होतो, कारण मी स्वतः जागा होतो. अनवाणी, श्वास रोखून गेलो होतो आणि तिने तोंड उघडायच्या आत तिला उचललं होतं. मग मी पानं मागे उलटली. छापखान्यातल्या जुन्या मंडळींबरोबर दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो त्या तारखा काढल्या. पहिली रात्र: जाग, दहा मिनिटं, स्वतः झोपली. दुसरी रात्र: सहा मिनिटं, स्वतः झोपली. 'आ' कुठेच नाही.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. जावईबापू बाटल्या उकळत होते. म्हटलं, 'आ' म्हणजे आजोबा. त्यांनी वर पाहिलं नाही. चिमट्याने एक बाटली काढली, पालथी ठेवली. म्हणाले, "आवाजही असतो थोडा."

त्या दुपारी मी वही घेऊन गॅलरीत जाऊन बसलो. राग नव्हता. हा मुलगा आठवडाभर वाकून वाकून रकाने भरत होता, त्याला सगळं समोर दिसत होतं आणि त्याने मला एका अक्षराने दुखावलं नाही. खरं तर एकाच अक्षराने लिहिलं, तेही अर्धं झाकून. आणि दुसरं असं आठवलं की मी माझ्या लेकीला कधी निजवलेलंच नाही. संध्याकाळी सातला मी डबा घेऊन मशीनवर जायचो, सकाळी यायचो आणि दुपारभर झोपायचो. मी झोपावं म्हणून तिची आई त्या एवढ्याशा पोरीला घेऊन दिवसभर जिन्यात बसायची, बागेत न्यायची, शेजारणीकडे थांबायची. आमच्या घरात बाळ मोठं झालं ते माझी झोपमोड न करता. मला वाटत होतं मी नातीला मदत करतोय. मी बत्तीस वर्षांची थकबाकी वसूल करत होतो, आणि तीही चुकीच्या माणसाकडून.

संध्याकाळी जावईबापूंनी भिंतीवर एक कागद चिकटवला, त्यावर सगळ्यांची कामं. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: सकाळी साडेसहा, उजेड. म्हणजे मोठ्या बाईंना वेळेवर उठवून गॅलरीत नेणं आणि दिवस सुरू झाला आहे हे त्यांना पटवून देणं. मी समजलो, मला वगळलं नाही, जागा बदलून दिली. आणि तुला सांगतो, ते काम मला फार छान येतं. रोज साडेसहाला आम्ही दोघं गॅलरीत. मी मोठ्याने बोललो तरी चालतं. खालून कोण गेलं, कोणाची सायकल पंक्चर आहे, कोणाच्या कुत्र्याने कोणाला ओढत नेलं, सगळा पेपर मी तिला वाचून दाखवतो. ती लक्षपूर्वक ऐकते आणि जांभई देत नाही. रात्री मात्र मी दाराला आतून कडी घालून, स्वतःचे हात मांडीखाली दाबून पलंगावर बसायचो. पहिल्या रात्री ती अकरा मिनिटं रडत-थांबत होती, तिचा बाप शेजारी बसून बोलत होता, आणि ती अकरा मिनिटं मला पूर्ण एका पाळीएवढी वाटली. चौथ्या रात्री चार मिनिटं. आठव्या रात्री ती उठली, जरा बडबडली आणि परत झोपली. मला कळलंच नाही, मी वहीत वाचलं.

मग तो बुधवार आला. चाचणीला दोन दिवस होते. लेक डेपोत उजळणीच्या वर्गाला, साडेआठपर्यंत येणार नव्हती. जावईबापू सहाला यायचे होते, तर सव्वापाचला त्यांचा फोन. एका उंच इमारतीत लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये अडकली, आत दोन आजीबाई आणि एक नवंकोरं कपाट. म्हणाले, बाबा, आज तुम्ही. मी म्हटलं, मी काय? म्हणाले, भिंतीवर लिहिलेलं आहे. आणि फोन बंद.

भिंतीवर लिहिलेलं होतं खरं. आंघोळ घातली. तिच्यापेक्षा मी जास्त भिजलो. कपडे घातले, त्यांतलं एक उलटं. दूध दिलं, ढेकर काढला, पडदा ओढला, दिवा मंद केला. गाणं आलं तिथे मी अडलो, कारण मला एकही अंगाई येत नाही. तेव्हा मी मशीनचे भाग चालीवर म्हटले. शाईचा डबा, रबरी रूळ, कागदाचं रीळ, कापायची सुरी, घडीचा पाट, शक्य तेवढ्या हळू. मोठ्या बाई डोळे विस्फारून बघत होत्या, मग ते डोळे जड झाले. आणि नेमक्या त्याच वेळी, जागी असताना, मी तिला पाठीवर खाली ठेवलं. अक्का, हातातलं ते वजन सोडणं म्हणजे काय असतं ते मी तुला पत्रात सांगू शकत नाही. ती रडली.

मी बाहेर आलो, जावईबापूंना फोन लावला. पलीकडे घुमणारा आवाज, लोखंडाचा खणखणाट.

"रडतेय," मी म्हटलं.

"कसं? चिडून की घाबरून?"

मी ऐकलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा खरोखर ऐकलं. "चिडून," मी म्हटलं. "माझ्यावरच."

"मग थोडं थांबा. वाढलं तर आत जा, हात ठेवा. उचलू नका." मग मागून एका आजीबाईंचा आवाज आला की आधी आम्हाला काढा, मग बाळ निजवा. "ठेवतो बाबा," ते म्हणाले, "मी लोंबकळतोय."

मी थांबलो. वाढलं तेव्हा आत गेलो. तिच्या छातीवर हात ठेवला. एवढीशी छाती, माझा शाईने कायमचा काळवंडलेला पंजा तिला पुरून उरला. म्हटलं, मी आहे, तू झोप. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा तिने माझं बोट धरलं, आणि मग, मी ओढून न घेता, तिनेच सोडलं. स्वतःची दोन बोटं तोंडात घातली, भिंतीकडे मान वळवली आणि असा एक सुस्कारा टाकला जसा मी पाळी संपल्यावर टाकत असे. झोपली. कोणाच्या खांद्यावर नाही, आपली आपण. सात वाजून चाळीस मिनिटं. मी दाराबाहेर भिंतीला टेकून जमिनीवर बसलो, आणि मग कंबरेमुळे उठता येईना.

लेक आली ती मला तशीच जमिनीवर बघून घाबरली. मी ओठांवर बोट ठेवलं. ती फटीतून आत बघून आली आणि माझ्या शेजारी बसली, गणवेशातच. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही निजवलंत?" मी म्हटलं, मी नाही, ती निजली. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि एका मिनिटात गाढ झोपली. छत्तीस वर्षांची माझी पोर, माझ्या खांद्यावर झोपण्याची तिची ही पहिलीच वेळ. मी हललो नाही. खांदा चालता ठेवायची गरज नव्हती. तासाभराने जावईबापू आले, हात ग्रीसने काळे, तोंडावर कोळिष्टकं. आमच्याकडे पाहिलं, दिवा लावला नाही. मी बोटांनी नऊ मिनिटं दाखवली. टेबलावरची वही घेतली, काही लिहिलं आणि मला समोर धरून दाखवलं. 'आ. नऊ मिनिटं.' आणि त्यापुढे, पट्टीशिवाय, एक बरोबरची खूण.

शुक्रवारी चाचणी झाली. निरीक्षकांनी शेवटच्या थांब्यावर किल्ली तिच्या हातात परत दिली आणि म्हणाले, रजेवर जाण्याआधी चालवत होतात त्यापेक्षा बरी चालवता. सोमवारी ती कामावर रुजू झाली. मी मुद्दाम तिच्या पहिल्या फेरीला बसलो, तिकीट काढून, अगदी मागच्या बाकावर, म्हणजे तिला अवघडल्यासारखं होऊ नये. वळणावर बस अशी वळत होती की उभ्या माणसाला दांडी धरावी लागत नव्हती. थांबताना धक्का नाही, निघताना हिसका नाही. इतकं सगळं नीट बघायचं असं ठरवून मी दुसऱ्याच थांब्याला झोपलो. शेवटच्या थांब्यावर तिने येऊन उठवलं. सगळ्या प्रवाशांसमोर म्हणाली, आजोबा, उतरायचं. मी उतरलो.

तर अक्का, झोप शिकवता येते. शिकवणाऱ्याला आधी शिकावं लागतं, एवढंच. आता पत्र आवरतो, मोठ्या बाईंच्या आंघोळीची वेळ झाली. भाच्यांना आशीर्वाद, त्यांच्या मुलांना गोड पापा, आणि तुला पुन्हा एकदा मनाने वाकून,

तुझा धाकटा

ता. क. वर लिहिल्यावरून तुझा समज होईल की मी आता अगदी शिस्तीचा झालो आहे. काल दुपारी घरात कोणी नव्हतं आणि मोठ्या बाईंची झोपेची वेळ झाली. मी तिला कागदाप्रमाणे खाली ठेवायला निघालो होतो. मध्ये जरा खुर्चीत बसलो. ती माझ्या मांडीवर झोपली आणि मी सव्वा तास टक्क जागा राहून तिला नुसता बघत राहिलो. जावईबापू लवकर आले आणि त्यांनी पाहिलं. माझ्या अवघडलेल्या कोपराखाली एक उशी सरकवून गेले. रात्री मी भीतभीत वही उघडली. त्या वेळेपुढचा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. असा जावई मिळायला पुण्य लागतं, आणि माझं तर नक्कीच तेवढं नाही.

ता. क. दुसरा. हे खरं तर पत्राच्या सुरुवातीला लिहायचं होतं, पण हात वळला नाही. बाळ आता झोपतं, म्हणून ही मंडळी महिनाअखेर आपल्या जागी परत जात आहेत. योग्यच आहे. त्यांचं घर, त्यांची नोकरी तिकडे जवळ, आणि मी स्वतः त्यांना खोकी आणून दिली. रोज पहाटेच्या बसने तिकडे जायचं आणि साडेसहाचं उजेडाचं काम चालू ठेवायचं असंही ठरलं आहे. प्रश्न रात्रीचा आहे. परवा ते सगळे एका लग्नाला गेले होते, घरात चिटपाखरू नव्हतं, आणि मला पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. तीनदा उठून रिकाम्या पलंगाशी जाऊन आलो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तेव्हा तू ये. आठ दिवसांसाठी नको, सामान घेऊन ये. भाचा म्हणत होता की तुझ्या घोरण्यामुळे तिकडे तुझी खाट मागच्या खोलीत नेली आणि तू ते मनाला लावून घेतलंस. लहानपणी आम्ही सगळी भावंडं तुझ्या घोरण्याला नावं ठेवायचो, त्यात सगळ्यांत पुढे मी होतो, याची मला पूर्ण जाणीव आहे. तुझी खाट मी माझ्या शेजारच्या खोलीत मांडून ठेवली आहे. मधलं दार उघडंच राहील.